सहाव्या महिन्यात समुद्रकाठची सुट्टी: हालचालही हवी आणि विसावाही, कुठे जावे?

प्रश्न: कोथरूडकरीण

नमस्कार. हे माझे पहिलेच बाळंतपण असून आज पंधरा आठवडे पूर्ण झाले. पहिले तीन महिने फोडणीचा वास आला तरी स्वयंपाकघरातून बाहेर यावे लागत होते, पण गेल्या दहा दिवसांत अन्न जाऊ लागले आहे आणि अंगात पुन्हा बळ आल्यासारखे वाटते. दिवस राहण्यापूर्वी मी आठवड्यातून चार दिवस पहाटे वेताळ टेकडीवर जात असे आणि वर्षभर पोहत असे. चालणे आणि पोहणे सुरू ठेवायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. एकच बाळ आहे, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन दोन्ही ठीक आहेत.

बाळ आल्यावर आम्हा दोघांना निवांत कुठे जाता येण्यास बराच काळ लागेल, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा-सात दिवस समुद्रकाठी जावे असा विचार आहे. मला नुसते खोलीत पडून राहायचे नाही; सकाळी लांबवर चालणे, पोहणे, जमल्यास होडीतून खाडीत फेरफटका आणि दुपारी माडांच्या सावलीत पुस्तक घेऊन पडणे, असे दिवस मनात आहेत. आमच्यापुढे चार पर्याय आहेत: गाडीने तारकर्ली, विमानाने गोवा, केरळात कोची आणि अलप्पुळा, किंवा अंदमान. नवऱ्याला डायव्हिंगची आवड आहे आणि अंदमानचे पाणी मला दाखवावे अशी त्याची फार इच्छा आहे. सासूबाईंना मात्र या दिवसांत घाट उतरून जाणेच पसंत नाही. त्यांनी स्वतः सातव्या महिन्यात एसटीने चिपळूण गाठले होते आणि त्या प्रवासाबद्दल त्या आजही बोलतात, त्यामुळे त्यांची काळजी मला बाजूला सारायची नाही.

या चारांपैकी कोणते ठिकाण योग्य ठरेल, पाण्यातले काय करावे आणि काय टाळावे, आणि दमट हवा व डास यांची कितपत काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.


उत्तर: निवृत्त प्रसूतितज्ज्ञ

मी तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण ज्या बाईचे गर्भारपण सुरळीत आहे तिने या काळात प्रवासच करू नये, असे मानण्याला वैद्यकीय आधार नाही. १४ ते २८ आठवडे हा त्यासाठी सर्वांत चांगला काळ होय. उलट्या थांबलेल्या असतात, गर्भपाताचा धोका बराच कमी झालेला असतो आणि पोटाचा भार अजून फार वाढलेला नसतो.

तरीही तारीख पक्की करण्यापूर्वी १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान होणारी सविस्तर सोनोग्राफी होऊ द्यावी. त्या तपासणीत बाळाच्या अवयवांबरोबरच वार (प्लॅसेंटा) कुठे आहे आणि गर्भाशयाचे तोंड पुरेसे लांब व मिटलेले आहे का, हेही पाहिले जाते. वार खाली असेल आणि रक्तस्राव झालेला असेल, किंवा गर्भाशयाचे तोंड आखूड झालेले असेल, तर सहल पुढे ढकलणे हाच सल्ला कोणीही डॉक्टर देईल. म्हणून आरक्षण करताना रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असेच करावे.

आता पाण्याविषयी. स्कूबा डायव्हिंग गर्भारपणात अजिबात करू नये, आणि त्याचे कारण नवऱ्यालाही समजावून सांगावे. खोल पाण्यातून वर येताना रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बारीक बुडबुडे तयार होऊ शकतात. मोठ्या माणसाच्या शरीरात ते बऱ्याच अंशी फुप्फुसांमध्ये अडवले जातात. पोटातल्या बाळाचे रक्त मात्र फुप्फुसांना बहुतांशी वळसा घालून फिरते, त्यामुळे तिथे ही गाळणी नसते आणि बुडबुडा थेट मेंदूकडे किंवा हृदयाकडे जाऊ शकतो. पाण्याच्या पृष्ठभागावर राहून मुखवटा व नळी लावून मासे पाहण्यात हा धोका नाही; पाणी शांत असेल, नवरा शेजारी असेल आणि दम लागत नसेल, तर ते अवश्य करावे. जेट स्की, बनाना राइड आणि पॅरासेलिंग मात्र टाळावे, कारण त्यांत आपटण्याचे किंवा पोटावर धक्का बसण्याचे भय असते.

रिसॉर्टमध्ये गरम पाण्याचा टब, सौना किंवा वाफेची खोली असेल तर तिथे जाऊ नये, कारण शरीराचे आतले तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाणे बाळाला हितकारक नाही. चालताना सलग वाक्य बोलता येईल इतकीच गती ठेवावी. वाक्य मध्येच तुटू लागले की थांबून पाणी प्यावे. दमट हवेत घाम वाळत नाही, तहान उशिरा जाणवते, आणि शरीरातले पाणी कमी झाले की पोट घट्ट होऊन कळांसारखे वाटू लागते. अशा वेळी डाव्या कुशीवर पडून दोन पेले पाणी घ्यावे. तासाभरात थांबले नाही तर रुग्णालयात जावे. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, किंवा ताप, यांपैकी काहीही झाले तर तासभरही वाट पाहू नये.

डासांविषयीचा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, पण ती काळजी फक्त समुद्रकाठाची नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला होता. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरुवात होऊन पुण्यात बरेच रुग्ण आढळले आणि त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. झिका आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो, म्हणजे नेमक्या तुमच्या चालण्याच्या वेळी. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे घालावेत आणि डासांना दूर ठेवणारे डीईईटी हे द्रव्य असलेले मलम वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे लावावे; ते गर्भारपणात वापरता येते. उन्हाचे मलम आधी आणि डासांचे नंतर, हा क्रम लक्षात ठेवावा. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, त्यामुळे डासांपासून नवऱ्यानेही तितकेच जपावे.

आणखी एका गोष्टीकडे लोकांचे लक्ष जात नाही, ती म्हणजे पाणी. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ इतरांना सहसा सौम्य जाते, पण गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ती जिवावर बेतू शकते. उकळलेले किंवा सीलबंद पाणीच प्यावे. सरबतातला बर्फ, उसाचा रस आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. समोर फोडून दिलेले शहाळे उत्तम.


उत्तर: माहेर मालवण, सासर सिंहगड रस्ता

ताई, मी तारकर्लीजवळच वाढले आणि दोन्ही गर्भारपणांत पुण्याहून माहेरी गेले, म्हणून रस्त्याविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. कोल्हापूरपर्यंत महामार्ग चांगला आहे, पण त्यापुढे कोणताही घाट निवडला तरी वळणे चुकत नाहीत आणि पुण्याहून घरी पोहोचेपर्यंत आठ-नऊ तास सहज जातात. पहिल्या खेपेला आम्ही एका दिवसात गेलो. घाट उतरेपर्यंत माझे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा रुतून कातडीवर वळ उठला होता. दुसऱ्या खेपेला कोल्हापूरला मुक्काम केला, दर दीड तासाला खाली उतरून दहा मिनिटे चालले आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर येईल असा बांधला. तो प्रवास कितीतरी सुखाचा झाला. तुमच्या सासूबाईंचे म्हणणे घाटापुरते तरी खरे आहे, असे मला मनापासून वाटते.

मग समुद्र सोडायचा का, तर नाही. पुण्याहून गोव्याचे विमान साधारण तासाभराचे आहे. मोपाचा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला असल्यामुळे तिथून मांद्रे, मोरजी, आश्वे हे किनारे किंवा सीमा ओलांडून आमच्या सिंधुदुर्गातले रेडी आणि शिरोडा जवळ पडतात. मांद्र्याचा किनारा लांब, सपाट आणि ओहोटीला घट्ट वाळूचा असतो. मऊ वाळूत पाऊल रुतते आणि कंबरेवर ताण येतो, हे गरोदर बाईला पहिल्याच दिवशी कळते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ विचारून ओल्या, घट्ट वाळूवरूनच चालावे.

राहण्याची जागा निवडताना फोटोतल्या निळ्या पाण्यापेक्षा पायऱ्या मोजाव्यात. कोकणात आणि गोव्यात टेकडीवर बांधलेली बरीच घरे असतात, खिडकीतून समुद्र सुरेख दिसतो, पण किनाऱ्यावर जायला जांभ्या दगडाच्या शंभरेक पायऱ्या उतराव्या लागतात. सावलीतल्या पायरीवर जी हिरवट बुळबुळीत साय धरलेली असते तिच्यावर पाऊल कसे सटकते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. या दिवसांत सांधे सैल झालेले असतात आणि पोटामुळे स्वतःची पावलेही दिसत नाहीत. तळमजल्यावरची, सपाट अंगणाची खोली घ्यावी.

जेवणाविषयी एवढेच की मासे जरूर खावेत, पण मोरी (शार्क) टाळावी आणि मोठ्या सुरमईच्या तुकडीपेक्षा बांगडा, तारली किंवा पेडवे यांना पसंती द्यावी, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. तिसऱ्या (शिंपल्या) पूर्ण शिजलेल्या आणि उघडलेल्या असल्या तरच खाव्यात. जी तिसरी शिजूनही मिटलेलीच राहते, ती माझी आई न बोलता कढईतून काढून टाकत असे.

तारखेचाही फेरविचार करावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात खोल्यांचे भाव चढतात, रस्ते तुंबतात आणि रात्री उशिरापर्यंत आवाज चालतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर तुमचा तेविसावा आठवडा असेल, सोनोग्राफी होऊन गेलेली असेल, हवा कोरडी असेल आणि किनारा बराचसा तुमचा असेल.


उत्तर: वानवडीची आई

मला फक्त माझ्या बाबतीत घडलेले सांगायचे आहे. तीन वर्षांपूर्वी चोविसाव्या आठवड्यात आम्ही एका बेटावरच्या रिसॉर्टला गेलो होतो. आरक्षण करताना डॉक्टर चोवीस तास उपलब्ध असल्याचे फोनवर सांगितले गेले आणि आम्ही ते लिहून घेतले नाही. दुसऱ्या रात्री मला थंडी वाजून ताप आला. स्वागतकक्षात विचारले तेव्हा डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावात राहतात आणि होडी सकाळी सहाला सुटते, असे उत्तर मिळाले. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग होता, सकाळी औषध सुरू झाले आणि सर्व निभावले. परंतु त्या सात तासांत कपाळावर ओल्या पंचाच्या घड्या बदलत बसलेल्या माझ्या नवऱ्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

म्हणून अंदमानचे पाणी कितीही सुंदर असले तरी या खेपेला ते सोडून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वराजद्वीपसारख्या बेटावरून मोठ्या रुग्णालयात पोहोचायचे तर समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला यावे लागते आणि रात्री किंवा खवळलेल्या समुद्रात ते आपल्या हाती नसते. हाच विचार केरळच्या हाउसबोटीलाही लागू होतो. संध्याकाळी कोळ्यांची जाळी पाण्यात उतरतात तेव्हा हाउसबोटी काठाला बांधतात, आणि तो काठ पुष्कळदा रस्त्यापासून लांब असतो. दिवसा चार तास शिकारा म्हणतात त्या लहान होडीतून फिरावे आणि रात्री जमिनीवर झोपावे.

मुक्कामाच्या ठिकाणाहून प्रसूती विभाग असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे पुण्यात बसूनच शोधावे आणि फोन करून खात्री करून घ्यावी. उत्तर गोव्यात असाल तर म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे आणि बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. सर्व रिपोर्ट, रक्तगट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र एकाच पाकिटात ठेवावे. परगावी सोनोग्राफी करण्याची वेळ आली तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार फॉर्म भरावा लागतो आणि तेव्हा चिठ्ठी व ओळखपत्र हाताशी असले की खोळंबा होत नाही.


कोथरूडकरीण

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. बुडबुड्यांचे कारण मी नवऱ्याला वाचून दाखवले आणि त्याने लगेच अंदमानचा विषय मिटवला. सासूबाईंनी मालवणच्या ताईंचे उत्तर दोनदा वाचले आणि विमानाने जाणार असाल तर माझी हरकत नाही, असे सांगितले. आता गोवा की केरळ एवढाच प्रश्न राहिला आहे. दोन शंका आहेत: समुद्रात पोहावे की तलावात, आणि विमान कंपनी काही कागद मागेल का?


उत्तर: जलतरण प्रशिक्षिका, डेक्कन

पोहण्याचे मी सांगते. तुमच्यासारख्या सवयीच्या बाईला पाण्याइतकी सुखाची जागा या दिवसांत दुसरी नाही, कारण छातीइतक्या पाण्यात उभे राहिले की शरीराचा बहुतेक भार पाणी उचलते, कंबर मोकळी होते आणि पायांची सूज उतरते. पण पोहण्याचा व्यायाम तलावात करावा आणि समुद्रात फक्त खेळावे. लाट समोरून आली तर सोसवते, बाजूने किंवा पाठीवर आली की तोल जातो, आणि पायाखालची वाळू ओढली जाते तेव्हा पोहता येणारी माणसेही गोंधळतात. समुद्रात गुडघ्याच्या वर जाऊ नये, आणि जीवरक्षक असतील त्याच भागात उतरावे.

तलावात वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांची कैची मारताना ओटीपोटाच्या हाडाजवळ दुखत असेल तर ती थांबवून फ्रीस्टाइलसारखे पाय मारावेत. सूर मारू नये. श्वास रोखून पाण्याखाली लांब अंतर कापण्याची सवय असेल तर ती बाळ झाल्यावर पुन्हा सुरू करावी. होडी वल्हवण्याबद्दल तुम्ही लिहिले नाही, पण केरळात किंवा गोव्यात कयाक सगळीकडे दिसेल. पूर्वी चालवलेली नसेल तर आता शिकू नये, आणि चालवायचीच असेल तर दोघांच्या कयाकमध्ये, खाडीच्या संथ पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालून चालवावी. जाकिटाचा पट्टा पोटावर आवळला जाणार नाही, हे काठावरच तपासावे.


उत्तर: निवृत्त प्रसूतितज्ज्ञ

विमान कंपन्यांचे नियम सारखे नसतात, पण सर्वसाधारणपणे २८ ते ३२ आठवड्यांनंतर प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मागतात आणि एकच बाळ असले तरी ३६ आठवड्यांनंतर नेत नाहीत. तुम्ही २३ व्या आठवड्यात जाणार असल्यामुळे बहुधा कोणी काही विचारणार नाही. तरी किती आठवडे झाले आणि प्रवासास हरकत नाही, अशी तुमच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जवळ असावी. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीने बाळाला अपाय होत नाही. जागा मात्र मार्गिकेकडेची घ्यावी. चार तासांहून अधिक प्रवास असेल तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. गोव्याच्या तासाभरासाठी त्याची चिंता करण्याचे कारण नाही. केरळला सरळ विमान न मिळाल्यामुळे मध्ये बदलावे लागले आणि बैठक लांबली, तर पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे घालावेत.

केरळ निवडलेत तर एक गोष्ट जपावी. तिथे सर्वत्र आयुर्वेदिक उपचारांचे फलक दिसतील. पंचकर्मातले वमन आणि विरेचन गर्भारपणात करत नाहीत, आणि पोटावर जोराने मर्दनही नको. हातापायांना हलके तेल लावून घेण्यास हरकत नाही, पण दिवस गेले आहेत हे आधी सांगावे आणि कुशीवर झोपूनच लावून घ्यावे.


कोथरूडकरीण

ठरले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मांद्रे, पाच रात्री, एकाच ठिकाणी, तळमजल्यावरची खोली, तलाव असलेली जागा. अंगणापासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे मी फोन करून विचारले. चार आहेत आणि कठडा आहे. म्हापशाच्या रुग्णालयाचा नंबर नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या फोनमध्ये टाकला आहे. सोनोग्राफी १५ डिसेंबरला आहे, तोपर्यंत विमानाचे तिकीट काढणार नाही. वार वर असली की इथे कळवते.


उत्तर: माहेर मालवण, सासर सिंहगड रस्ता

जरूर कळवा, ताई. आणि मांद्र्याहून एखाद्या दुपारी वेळ मिळाला तर तेरेखोलच्या खाडीकाठी जा. किल्ल्याचा चढ चढू नका, खालूनच पाणी पाहा. आमच्या बाजूचा किनारा तिथून दिसतो.